आउटलॉ मोटारसायकल क्लब : सत्ता, निष्ठा आणि नेतृत्व

आउटलॉ मोटारसायकल क्लब ही अधिकृत मोटारसायकल महासंघाच्या चौकटीबाहेर राहून स्वतःची घटना, पदरचना, बोधचिन्हे आणि शिस्त चालवणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या संघटनांसाठी रूढ झालेली संज्ञा आहे. आजच्या स्वरूपातील हे क्लब दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात आकारास आले आणि पुढे कॅनडा, युरोप व ऑस्ट्रेलियात पसरले. हेल्स एंजल्स, आउटलॉज, बँडिडोज, पेगन्स आणि मंगोल्स हे त्यांपैकी प्रमुख क्लब होत. समाजाचे नियम झुगारणाऱ्या माणसांनी स्वतःसाठी मात्र अत्यंत कडक नियम करून घेतले, हा या क्लबांच्या अंतर्गत जीवनातील मूलभूत विरोधाभास आहे. त्यामुळे गुन्हेगारीशास्त्राबरोबरच समाजशास्त्र व मानववंशशास्त्र या विषयांतही त्यांचा अभ्यास झाला आहे.

संज्ञा

‘आउटलॉ’ या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘कायद्याबाहेरचा’ असा असला, तरी प्रारंभी त्याचा संबंध गुन्हेगारीशी नव्हता. इ.स. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशन या संस्थेची मान्यता नसलेल्या क्लबांना व शर्यतींना हे विशेषण लावले जाई. ‘वन पर्सेंटर’ म्हणजे ‘एक टक्केवाले’ ही संज्ञा त्यानंतरची आहे. नव्याण्णव टक्के मोटारसायकलस्वार कायदा पाळणारे आहेत, असे या संस्थेने जाहीर केल्याचे सांगितले जाते. मात्र आपल्या दप्तरी अशा निवेदनाची नोंद नसल्याचे संस्थेने पुढे स्पष्ट केले. विधान खरे असो वा नसो, उरलेला एक टक्का आपणच, असे अभिमानाने सांगत काही क्लबांनी ‘१%’ हे चिन्ह समभुज चौकोनात कोरून जाकिटावर मिरवण्यास सुरुवात केली.

इतिहास

आउटलॉज क्लबाचा उगम इ.स. १९३५ मध्ये इलिनॉय राज्यातील मॅककुक येथे झाला. तथापि या चळवळीला खरा जोर युद्धोत्तर काळात आला. युद्धावरून परतलेल्या अनेक तरुणांना नागरी जीवन नीरस वाटत होते. सैन्यातील सोबत, धोका आणि जिवाला जीव देणारी टोळी यांची उणीव त्यांना मोटारसायकल क्लबांत भरून निघताना दिसली.

जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या छोट्या गावी भरलेल्या मोटारसायकल मेळाव्यात अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक स्वार लोटले आणि मद्यधुंद गोंधळ झाला. वृत्तपत्रांनी त्याचे अतिरंजित वर्णन केले. ‘लाइफ’ या नियतकालिकात बाटल्यांच्या राशीत मोटारसायकलवर बसलेल्या इसमाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि बंडखोर मोटारसायकलस्वाराची प्रतिमा जनमानसात रुजली. मार्लन ब्रँडो याची भूमिका असलेल्या ‘द वाइल्ड वन’ (१९५३) या चित्रपटाने ती अधिक ठळक केली. हेल्स एंजल्सची स्थापना इ.स. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो-फोंटाना परिसरात झाली. त्यानंतर पेगन्स (१९५९, मेरिलँड), बँडिडोज (१९६६, टेक्सास) आणि मंगोल्स (१९६९, कॅलिफोर्निया) हे क्लब उदयास आले.

रचना व पदे

क्लबाचा मूलभूत घटक म्हणजे ‘चॅप्टर’ अर्थात स्थानिक शाखा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे कोणत्याही सामान्य मंडळासारखीच असतात. त्यांखेरीज दोन पदे या क्लबांची वैशिष्ट्ये ठरतात. ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’ हा बैठकीतील शिस्त, क्लबाची सुरक्षा आणि नियमभंगाची शिक्षा यांचा अधिकारी असतो. ‘रोड कॅप्टन’ सामूहिक प्रवासाचा मार्ग, मुक्काम आणि ताफ्यातील क्रम ठरवतो. ताफ्यात अध्यक्ष आघाडीस राहतो आणि उमेदवार सर्वांत मागे. पदानुक्रम असा रस्त्यावरही दिसतो.

शाखेची नियमित बैठक ‘चर्च’ या नावाने ओळखली जाते. तीत केवळ पूर्ण सभासदांना प्रवेश असतो. अनुपस्थितीबद्दल व थकलेल्या वर्गणीबद्दल दंड आकारला जातो. प्रत्येक सभासदाला एक मत असते आणि पदाधिकारी निवडणुकीने नेमले जातात. कागदावर ही रचना लोकशाहीची आहे. प्रत्यक्षात मात्र ज्येष्ठता, शारीरिक धाक, पैसा आणि तुरुंगवासातून मिळालेली प्रतिष्ठा यांवर एखाद्याच्या शब्दाचे वजन ठरते.

केंद्रीय सत्तेच्या बाबतीत क्लबांमध्ये भेद आहेत. बँडिडोज क्लबात ‘एल प्रेसिदेन्ते’ हा सर्वोच्च प्रमुख असतो. याउलट, आपल्या शाखा स्वायत्त असून त्यांच्यावर एक प्रमुख नाही, अशी हेल्स एंजल्सची भूमिका राहिली आहे. हा भेद केवळ व्यवस्थेचा नसून कायदेशीर महत्त्वाचाही आहे. कारण एका सभासदाच्या गुन्ह्याची जबाबदारी संपूर्ण क्लबावर टाकता येते की नाही, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

सभासदत्वाचा मार्ग

या क्लबांत अर्ज भरून प्रवेश मिळत नाही. इच्छुक प्रथम ‘हँगअराउंड’ म्हणून क्लबाच्या मंडळींत वावरू लागतो. एखाद्या सभासदाने त्याची हमी घेतल्यास तो ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे उमेदवार ठरतो. उमेदवारीच्या काळात त्याने मोटारसायकलींची राखण करावी, क्लबघर झाडावे, मद्य वाढावे आणि कोणत्याही वेळी बोलावणे आले तरी हजर व्हावे, अशी अपेक्षा असते. हा काळ काही महिन्यांपासून एक वर्षापर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक लांबतो. शेवटी सभासदांचे मतदान होते आणि अनेक क्लबांत ते एकमताने व्हावे लागते.

या दीर्घ परीक्षेचे दोन उद्देश सांगितले जातात. पहिला, पोलिसांच्या हेराला दूर ठेवणे. दुसरा, उमेदवाराच्या मनात नोकरी, मित्र आणि प्रसंगी कुटुंब यांच्याही आधी क्लबाला स्थान मिळवून देणे. जे मिळवण्यासाठी माणसाने अपमान व कष्ट सोसले, ते सोडणे त्याला जड जाते, हे सामाजिक मानसशास्त्रातील निरीक्षण येथे लागू पडते. तरीही पहिला उद्देश नेहमी साधतोच असे नाही. अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेतील विल्यम क्वीन हा अधिकारी उमेदवारीचे सर्व टप्पे पार करून मंगोल्सचा पूर्ण सभासद व पदाधिकारीही झाला होता.

बोधचिन्ह आणि प्रदेश

पूर्ण सभासदाच्या जाकिटाच्या पाठीवर तीन भागांचे चिन्ह असते : वर क्लबाचे नाव असलेली कमानदार पट्टी, मध्यभागी बोधचिन्ह आणि खाली प्रदेशाचे नाव असलेली पट्टी. या पट्ट्यांना ‘रॉकर’ म्हणतात. जाकीट सभासदाच्या अंगावर असले, तरी त्यावरील चिन्ह क्लबाच्या मालकीचे मानले जाते. ते हरवणे अथवा प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू देणे ही मोठी नामुष्की समजली जाते.

खालची पट्टी ही त्या प्रदेशावरील हक्काची घोषणा असते. त्यामुळे दुसऱ्या क्लबाने तेच नाव लावणे म्हणजे आव्हान ठरते. टेक्सासमधील वेको येथे १७ मे २०१५ रोजी बँडिडोज व कॉसॅक्स या क्लबांत झालेल्या संघर्षामागे ‘टेक्सास’ ही पट्टी लावण्याचा वाद हे एक प्रमुख कारण होते. त्या दिवशीच्या गोळीबारात नऊ जण ठार झाले. त्यांपैकी काहींना पोलिसांच्या गोळ्या लागल्या होत्या. पोलिसांनी १७७ जणांना अटक केली, परंतु एकावरही दोष सिद्ध झाला नाही आणि इ.स. २०१९ मध्ये उरलेले सर्व खटले मागे घेण्यात आले.

नेतृत्वाचे नमुने

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने सत्तेचे पारंपरिक, करिष्म्यावर आधारित आणि कायदेशीर-तर्काधिष्ठित असे तीन प्रकार मानले. या क्लबांत तिन्हींचे मिश्रण आढळते.

राल्फ ‘सॉनी’ बार्जर (१९३८–२०२२) हे करिष्माई नेतृत्वाचे ठळक उदाहरण होय. त्याने इ.स. १९५७ मध्ये हेल्स एंजल्सची ओकलंड शाखा उभी केली. औपचारिकदृष्ट्या तो एका शाखेचा प्रमुख होता. तथापि विखुरलेल्या शाखांना समान नियम लावणे, क्लबाला कायदेशीर महामंडळाचे रूप देणे आणि प्रसिद्धीमाध्यमांशी थेट बोलणे यांमुळे तो संपूर्ण क्लबाचा चेहरा बनला. त्याच्या वाट्याला दीर्घ तुरुंगवासही आला, पण त्याने क्लबातील त्याचे स्थान ढळले नाही.

ऑस्ट्रेलियातील कोमांचेरो क्लबाचा संस्थापक विल्यम ‘जॉक’ रॉस याने सैनिकी धर्तीची शिस्त आणली आणि स्वतःला ‘सर्वोच्च सेनापती’ म्हणवून घेतले. त्याच्या एकाधिकारशाहीला कंटाळून अँथनी स्पेन्सर याच्या नेतृत्वाखाली एक गट फुटला आणि त्याने बँडिडोजची ऑस्ट्रेलियातील पहिली शाखा स्थापन केली. कालपर्यंतचे ‘भाऊ’ असलेले हे दोन गट २ सप्टेंबर १९८४ रोजी सिडनीच्या मिलपेरा उपनगरातील एका मेळाव्यात समोरासमोर आले. त्या चकमकीत सहा सभासद आणि क्लबांशी काहीही संबंध नसलेली एक चौदा वर्षांची मुलगी ठार झाली. स्पेन्सर याने कोठडीत आत्महत्या केली, तर रॉस याच्यासह अनेकांना शिक्षा झाल्या. मतभेद व्यक्त करण्याचा मार्ग बंद झाला की फूट पडते आणि फुटीर गटाचा द्वेष परक्या शत्रूपेक्षाही अधिक केला जातो, याचे उदाहरण म्हणून अभ्यासक मिलपेराकडे पाहतात.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील मॉरिस ‘मॉम’ बुशे याचे नेतृत्व भीतीवर आधारलेले होते. इ.स. १९९४ ते २००२ या काळात अमली पदार्थांच्या बाजारपेठेवरून हेल्स एंजल्स व रॉक मशीन यांच्यात झालेल्या संघर्षात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. इ.स. १९९५ मध्ये माँट्रियलमध्ये मोटारीतील बाँबच्या स्फोटात एक अकरा वर्षांचा मुलगा दगावल्यानंतर जनमत खवळले आणि इ.स. १९९७ मध्ये कॅनडाने टोळीविरोधी कायदा केला. त्याच वर्षी बुशे याच्या आदेशावरून दोन तुरुंगरक्षकांची हत्या झाली. रक्षकांचे मारेकरी असलेल्यांशी सरकार कधीही तडजोड करणार नाही, म्हणून ते फितूर होऊ शकणार नाहीत, असा हिशेब त्यामागे असल्याचे खटल्यात पुढे आले. तो हिशेब चुकला. मारेकऱ्यांपैकीच एकाने साक्ष दिली आणि इ.स. २००२ मध्ये बुशे याला जन्मठेप झाली. इ.स. २०२२ मध्ये कैदेतच त्याचा मृत्यू झाला.

निष्ठेची किंमत

सभासद परस्परांना ‘ब्रदर’ म्हणतात. आजारपण, तुरुंगवास किंवा अपघात यांत क्लब सभासदाच्या घरी मदत पोहोचवतो. अंत्ययात्रेला शेकडो स्वार जमतात. एकाकी माणसाला हा आधार खरा वाटतो आणि पुष्कळदा तो खराही असतो. मात्र पोलिसांशी न बोलणे आणि कोणत्याही भांडणात आपल्या सभासदाची बाजू घेणे या त्याच बंधुभावाच्या अटी आहेत.

सन्मानाने निवृत्त झालेल्याला ‘गुड स्टँडिंग’मध्ये गेलेला म्हणतात. हकालपट्टी झालेल्याला जाकीट व क्लबाची सर्व चिन्हे परत करावी लागतात. अंगावरील गोंदणही पुसावे किंवा झाकावे लागते. जुन्या भावांशी त्याचा संबंध कायमचा तुटतो.

या निष्ठेचा कळस दोन घटनांत दिसतो आणि दोन्ही घटनांत मारणारे व मरणारे एकाच क्लबाचे होते. २४ मार्च १९८५ रोजी क्वेबेकमधील लेनॉक्सव्हिल येथील क्लबघरात बोलावून हेल्स एंजल्सच्या एका शाखेतील पाच सभासदांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी ठार केले. ते बेशिस्त असून क्लबाचा माल व पैसा उधळतात, असा त्यांच्यावर आक्षेप होता. शिस्त बसवण्यासाठी केलेल्या या हत्याकांडाचा परिणाम उलटा झाला. आपलाही क्रमांक लागणार होता, हे कळताच इव्ह त्रुदो हा क्लबाचा कुख्यात मारेकरी सरकारी साक्षीदार बनला आणि त्याने ४३ हत्यांची कबुली दिली. एप्रिल २००६ मध्ये ऑन्टॅरिओतील शेडन गावाजवळ बँडिडोजच्या आठ जणांचे मृतदेह सापडले. क्लबांतर्गत वादातून त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना मारले होते, इ.स. २००९ मध्ये सहा जण दोषी ठरले.

स्त्रिया आणि वंशभेद

या क्लबांत स्त्रियांना सभासदत्व मिळत नाही. सभासदाची पत्नी वा मैत्रीण याच नात्याने त्यांना स्थान असते आणि काही ठिकाणी त्या ‘अमुकाची मालमत्ता’ असा मजकूर असलेले जाकीट घालतात. अनेक जुने अमेरिकन क्लब दीर्घकाळ श्वेतवर्णीयांपुरतेच मर्यादित राहिले. कृष्णवर्णीयांनी ईस्ट बे ड्रॅगन्स (ओकलंड, १९५९) यांसारखे स्वतंत्र क्लब काढले, तर मंगोल्समध्ये प्रारंभापासून मेक्सिकन वंशाचे सभासद प्रामुख्याने होते.

कायदा आणि राज्यसंस्था

अमेरिकेत इ.स. १९७० च्या ‘रिको’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा वापर क्लबांविरुद्ध केला गेला. बार्जर व इतरांवरील खटल्यात, गुन्हे व्यक्तींचे असून ते क्लबाचे धोरण नव्हे, हा बचाव प्रभावी ठरला आणि इ.स. १९८० मध्ये ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही. याउलट इ.स. २०१८ मध्ये बँडिडोजचा अध्यक्ष व उपाध्यक्ष दोघेही दोषी ठरून त्यांना जन्मठेप झाली. मंगोल्सचे बोधचिन्हच जप्त करण्याचा सरकारचा प्रयत्न मात्र इ.स. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे फेटाळला.

अन्य देशांनी अधिक कठोर मार्ग पत्करला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने इ.स. २०१३ मध्ये क्लबाशी संबंधित गुन्ह्यांसाठी अनिवार्य वाढीव शिक्षांचा कायदा केला; तीव्र टीकेनंतर इ.स. २०१६ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. नेदरलँड्समधील न्यायालयांनी बँडिडोजवर इ.स. २०१७ मध्ये आणि हेल्स एंजल्सवर इ.स. २०१९ मध्ये बंदी घातली. शिक्षा कृत्याला द्यावी की सभासदत्वाला, हा या सर्व कायद्यांमागील वादाचा मुद्दा आहे.

अभ्यास

मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल वुल्फ याने कॅनडातील एडमंटन येथील रिबेल्स या क्लबाबरोबर प्रत्यक्ष राहून लिहिलेला ‘द रिबेल्स’ (१९९१) हा ग्रंथ या विषयात पायाभूत मानला जातो. शहरी श्रमिक तरुणाला कामाच्या ठिकाणी न मिळणारी ओळख व आपलेपणा क्लबात मिळतो, असे त्याने दाखवले. थॉमस बार्कर यांच्यासारख्या गुन्हेगारीशास्त्रज्ञांनी मात्र क्लबांतील संघटित गुन्हेगारीवर भर दिला. सर्व क्लब किंवा सर्व सभासद एकसारखे नसतात. कोणत्या शाखेचे नेतृत्व कोणाच्या हाती आहे, यावर तिचे स्वरूप बव्हंशी अवलंबून असते.