पाय सुटला पाहिजे

सायकलवाल्यांच्या बोलण्यातला 'क्लिपलेस पेडल' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला की माणूस हमखास गोंधळतो. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेले. प्रत्यक्षात या पेडलवर बुटाचा तळवा खटकन अडकतो, आणि त्या अडकवण्यालाही ही मंडळी 'क्लिप इन' असेच म्हणतात. नाव सांगते एक, वस्तू करते नेमके त्याच्या उलट. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी अशी पेडले वापरायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा चालवण्याआधी मी या नावाच्या मागे लागले. आयुष्यभर इतिहास शिकवल्यावर जडलेली ती खोड आहे. त्या शोधात जे हाती लागले ते नावापुरते राहिले नाही.

सायकलचा इतिहास आपण साधारणपणे चाकांचा, साखळीचा आणि टायरचा म्हणून वाचतो. मला तो पायाचा इतिहास वाटतो. पाय जमिनीपासून किती दूर गेला आणि गरज पडताच तो किती लवकर जमिनीवर परत आणता येतो, या दोन गोष्टींची ओढाताण 1817 पासून चालू आहे. वेग हवा असेल तर पाय वर राहिला पाहिजे, यंत्राशी जखडलेला असला तर त्याहून बरे. पडायचे नसेल तर तोच पाय क्षणात मोकळा झाला पाहिजे.

12 जून 1817 रोजी कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने मानहाइम शहरातून आपले दुचाकी लाकडी यंत्र बाहेर काढले आणि श्वेत्झिंगेनच्या रस्त्यावर सुमारे सात किलोमीटर जाऊन तो परत आला. या फेरीला एक तासही लागला नाही. त्या यंत्राला पेडल नव्हते. मध्ये बसायचे, जमिनीवर आळीपाळीने पाय मारायचे आणि पुढचे चाक दांडीने वळवायचे. आज लहान मुलांना अशाच बिनपेडलच्या छोट्या सायकली देतात. पाय सदैव जमिनीजवळ असल्यामुळे तोल जाण्याची भीती अशी नव्हतीच. चालणारा माणूस थोडा वेगाने सरकतो आहे, इतकेच.

1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसाला पेडले बसली. पिएर मिशो आणि पिएर लालमाँ यांच्यापैकी खरा जनक कोण, हा वाद फ्रेंच लोक आजही आवडीने घालतात. अमेरिकेतले पेटंट 1866 मध्ये लालमाँच्या नावावर झाले, एवढे पक्के. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. माणसाने प्रथमच दोन्ही पाय उचलून दोन चाकांवर बसून राहायचे ठरवले, आणि त्याबरोबर सायकल 'शिकणे' ही गोष्ट जन्माला आली. 1868-69 च्या सुमारास पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये चक्क सायकल शिकवण्याच्या शाळा निघाल्या. 

पुढची पायरी म्हणजे उंच चाकाची सायकल. पेडल थेट चाकाला जोडलेले असल्यामुळे वेग वाढवायचा तर चाकच मोठे करावे लागे. ते इतके मोठे झाले की स्वार माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बसू लागला. खड्डा किंवा दगड लागला की तो हँडलवरून डोक्यावर आदळे. उतारावर काही स्वार दोन्ही पाय हँडलच्या वरून पुढे टाकून बसत. पाहणाऱ्याला ही फुशारकी वाटे. हिशेब मात्र शहाणपणाचा होता. फेकले गेलो तर निदान पायांवर पडू.

मार्क ट्वेनने 1880 च्या दशकात हीच उंच सायकल शिकून त्यावर एक विनोदी लेख लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, 1917 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विनोदाच्या आडून त्याने एक अचूक निरीक्षण नोंदवले आहे: ज्या बाजूला पडतो आहोत त्याच बाजूला चाक वळवायचे. शरीर त्याच्या उलट ओरडत असते, आणि शरीराचे ऐकले की माणूस पडतो. आपल्याकडे दांडीखालून पाय घालून 'हाफ पेडल' मारणाऱ्या प्रत्येक पोराने हे सूत्र गुडघे सोलून घेऊन शिकलेले असते. फक्त ते शब्दांत सांगता येत नाही.

सायकल उभी का राहते, याचे उत्तर शास्त्रज्ञांनाही सहज सापडलेले नाही. चाके भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून, असे आपल्याला शाळेत सांगतात. डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने 1970 मध्ये पुढच्या चाकाशेजारी उलटे फिरणारे दुसरे चाक लावून तो परिणाम मारून टाकला, तरी सायकल चालवता आली. पण एक गोष्ट निश्चित आहे: वेग असला की सायकल स्वतःच तोल सावरायला मदत करते. संशोधकांनी मानक म्हणून घेतलेल्या एका सायकलीच्या गणितात ही मदत ताशी साधारण 15 ते 22 किलोमीटरच्या पट्ट्यात मिळते. वेग कमी होत जातो तसे सगळे काम स्वारावर येते, आणि थांबलेली सायकल म्हणजे भिंतीला न टेकवलेली शिडी. क्लिपलेस पेडलवरून जे पडतात ते बहुतेक अशा शून्य वेगाला पडतात. सिग्नलला, गेटपाशी, कोणी हाक मारली म्हणून थांबताना.

1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि पेडलची ताकद साखळीने मागच्या चाकाला. तिला 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित सायकल, म्हणत. हा सुरक्षितपणा ब्रेकमधून आला नव्हता. स्वाराचा पाय पुन्हा जमिनीला टेकू लागला होता. बायका मोठ्या संख्येने सायकलवर आल्या त्या या सायकलीमुळे. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि 1895 मध्ये त्यांनी त्यावर छोटे पुस्तक लिहिले. रोज दहा-पंधरा मिनिटे सराव करून चढणे, उतरणे, वळणे आणि पेडल मारणे यायला त्यांना सुमारे तीन महिने लागले. सायकलीचे नाव त्यांनी ग्लॅडिस ठेवले होते. हे पुस्तक वाचताना मला त्यांचा हेवा वाटला तो एका गोष्टीसाठी: त्यांचे बूट पेडलला अडकवलेले नव्हते.

कारण नेमक्या त्याच सुमारास शर्यतीचे स्वार पाय पुन्हा बांधून घेऊ लागले होते. पेडलच्या पुढे धातूचा एक पिंजरा, त्यात बुटाचे टोक घालायचे, वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. या पिंजऱ्याला 'टो-क्लिप' म्हणत. नावाचे कोडे इथे सुटते. क्लिपलेस म्हणजे हा पिंजरा नसलेले पेडल. पाय अडकतो की नाही याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

टो-क्लिप आणि पट्टा यांनी जवळजवळ ऐंशी वर्षे राज्य केले. या पिंजऱ्यांचा एक प्रसिद्ध छाप युजीन क्रिस्तोफच्या नावाचा होता. 1913 च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलचा पुढचा चिमटा मोडल्यावर पिरेनीज डोंगरातल्या एका गावात लोहाराच्या भट्टीवर स्वतः तो दुरुस्त करणारा, आणि 1919 मध्ये पहिली पिवळी जर्सी घालणारा हाच तो स्वार. पट्टा आवळल्यावर पाय सोडवायचा तर हात खाली नेऊन बकल सैल करावे लागे. थांबायचे आहे हे काही क्षण आधी ठाऊक असेल तर ठीक. अचानक पडायची वेळ आली तर सायकल पायाला बांधलेलीच राही. लहानपणी आमच्या रस्त्याने सरावाला जाणारे शर्यतवाले चौक दिसताच एक हात खाली घालत, ते मला आठवते. तेव्हा वाटे, खाज सुटली असेल.

पट्ट्याशिवाय पाय अडकवण्याची कल्पना नवी नव्हती. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सनने 1895 मध्येच, म्हणजे विलर्ड यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, पाय पिळून अडकणारे आणि पिळून सुटणारे पेडल काढले होते. ते रुजले नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चिनेलीने 'एम-71' बाजारात आणले. त्यात बूट सरकवून अडकवायचा आणि सोडवायला पेडलवरची लहानशी कळ हाताने ढकलायची. पट्टा गेला, हात खाली नेणे तसेच राहिले. सायकलस्वारांनी त्याचे नाव मृत्यूशी जोडले ते उगाच नव्हे.

म्हणजे पाय अडकवणे कोणालाही जमत होते. अडले होते ते पाय सुटण्याशी. त्याचे उत्तर सायकलच्या कारखान्यातून आले नाही, बर्फातून आले.

बर्फावरच्या स्कीला बूट घट्ट बांधलेला असे आणि पडताना लांब पट्टी फिरली की पाय मोडत असे. नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या ह्यालमार व्हामचा पाय 1937 मध्ये असाच मोडला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने पाय पिळला की आपोआप सुटेल अशा बांधणीचे चित्र काढले, आणि सुटणारी बांधणी बाजारात आली. पुढे फ्रान्समधल्या नव्हेर गावच्या 'लुक' या कंपनीने अशा बांधण्या करण्यात नाव कमावले. त्याच लुकने 1984 मध्ये सायकलचे पेडल काढले. बुटाच्या तळाला तिकोनी प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे क्लीट. ती वरून दाबली की स्प्रिंगमध्ये बसते, टाच बाहेर फिरवली की सुटते. हाताचे काम संपले. 1985 मध्ये बर्नार इनोने हीच पेडले वापरून आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली, आणि काही वर्षांत शर्यतींतून पट्टे दिसेनासे झाले. 1990 मध्ये शिमानोने 'एसपीडी' पेडल आणले. त्याची लहान धातूची क्लीट बुटाच्या तळात खोल बसते, त्यामुळे उतरल्यावर बदकासारखे न चालता माणसासारखे चालता येते. आपल्याकडे चहाच्या टपरीवर थांबत थांबत जाणाऱ्या लोकांना हे फार सोयीचे आहे.

आता टाच बाहेर फिरवण्याबद्दल. पेडल मारताना पाय वर-खाली जातो, पुढे-मागे जातो, पण सहसा बाहेर फिरत नाही. म्हणून तीच हालचाल सुटकेसाठी निवडली गेली. अडचण अशी की घाबरलेला माणूस पाय वर ओढतो किंवा सरळ बाजूला खेचतो, आणि या दोन्ही दिशांना पेडल सोडत नाही. ट्वेनचाच धडा पुन्हा: शरीर सांगते त्याच्या उलट करायचे. फरक इतकाच की तेव्हा हाताला शिकवायचे होते, आता टाचेला.

मी शिकले ती पद्धत या इतिहासातूनच निघते. आधी पेडलवरचा स्क्रू फिरवून स्प्रिंग अगदी सैल केली. सायकल भिंतीला लावून, खोगिरावर बसून, एका पायाने पन्नास वेळा अडकवले-सोडवले, मग दुसऱ्याने. नंतर गवताच्या मैदानावर तेच, हळू चालत्या सायकलवर. रस्त्यावर येताना दोन नियम ठरवले. पहिला, आधी टाच आणि मग ब्रेक: थांबायच्या बऱ्याच आधी, सायकलला वेगाची मदत आहे तोवर पाय सोडायचा. दुसरा, नेहमी डावा पाय. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, तेव्हा टेकायला कड त्याच बाजूला मिळते. डावा पाय सुटला की हँडल किंचित डावीकडे वळवून वजन तिकडेच जाऊ द्यायचे. पुष्कळ जण पडतात ते एक पाय सोडवल्यानंतर. सुटलेला असतो डावा आणि सायकल कलते उजवीकडे, जिथला पाय अजून अडकलेला आहे. चढावर याहून सावध राहावे लागते. जड गिअरवर वेग संपतो तो एकदम, आणि टाच फिरवायला उसंत राहत नाही. म्हणून गिअर आधीच हलका करावा.

सरावाचे हे दोन आठवडे मी न पडता काढले. माझ्या वयाला त्याचे मोल काय, ते अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. पाळण्यातून पडलेले मूल रडून गप्प होते. पन्नाशीनंतर बाई उभ्या उभ्या कुशीवर पडली तर खुब्याचे हाड आणि हात टेकला तर मनगट, असा हिशेब असतो. म्हणूनच वय झालेल्यांना 'दोनदा पडाल, मग येईल' असे हसत सांगणाऱ्या तरुण मंडळींशी माझे पटत नाही. पडणे हा या विद्येचा प्रवेशशुल्क नव्हे. ज्या बांधणीचा जन्मच मोडलेल्या पायातून झाला, ती हाड मोडून शिकावी हे विचित्रच.

इतके करून मिळते काय? पाय वर ओढून दुप्पट ताकद मिळते, हा समज आपल्याकडे फार आहे. थॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये केलेल्या अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पेडल वर ओढायला लावले, तेव्हा त्यांची ऊर्जा उलट जास्त खर्च झाली. खरा फायदा साधा आहे. पाय घसरत नाही, पावसाळ्यात ओल्या पेडलवरही एकाच जागी राहतो. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते तेव्हा, किंवा अमेरिका आडवी पार करणाऱ्या 'रेस अक्रॉस अमेरिका'त, जिथे 2015 मध्ये नाशिकचे महाजन बंधू आणि 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी शर्यत पूर्ण केली, त्या हजारो किलोमीटरांत पाय जागेवर असणे ही मोठीच गोष्ट आहे. भाजी आणायला जाताना तिचा काही उपयोग नाही. माझ्या दुसऱ्या सायकलला साधी पेडले आहेत आणि ती तशीच राहणार आहेत.

या इतिहासाला एक अपवाद आहे. लाकडी ट्रॅकवरचे स्प्रिंटर आजही क्लिपलेस पेडल वापरतात आणि वरून जुन्यासारखा पट्टाही आवळतात. पूर्ण ताकदीने निघताना पाय निसटला तर जो अपघात होईल त्याची भीती त्यांना अधिक असते. थांबायची चिंता त्यांना नसते. सुरुवातीला त्यांची सायकल कोणीतरी धरून उभे असते, आणि शर्यत संपल्यावर ते हळूहळू फेऱ्या मारत कडेच्या कठड्याला हात लावतात, आणि मग खाली वाकून पट्टा सोडवतात.