जुन्या मोटारीचें अंतरंग

मोटार जुनी झाली म्हणजे तिचें यंत्र बिघडतें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु यंत्र बहुधा धातूचें. तें कातून, घासून पुन्हां चालतें करतां येतें. खरा पेंच पडतो तो आंतल्या किरकोळ वस्तूंचा. दाराची मूठ, कांच वरखालीं करण्याचा दांडा, चालकासमोरची फळी, स्टीअरिंगच्या चाकाचें वेष्टण. यांपैकीं एखादी तुटली तरी गाडी चालते खरी. पण कारखाना बंद पडलेला असला तर तशी दुसरी वस्तु मिळणें दुरापास्त, आणि चुकीच्या उपायानें ती बिघडली कीं कायमची गेली. उपाय ठरतो तो वस्तु कोणत्या पदार्थाची, यावरून. आणि या पदार्थांचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे.

पहिल्या मोटारींचे सांटे घोडागाड्या बांधणाऱ्यांच्याच हातचे. लंडनची हूपर कंपनी १८०५ सालीं, म्हणजे मोटारीच्या जन्मापूर्वीं सुमारें ऐंशी वर्षें, निघाली. अशा कारागिरांनीं मोटारीच्या आंत अक्रोडाचें लांकूड व कमावलेलें कातडें वापरलें, आणि लांकडाचे पातळ पापुद्रे सरसानें चिकटविले. सरसाचा गुण असा कीं, ऊब व ओलावा मिळतांच तो पुन्हां मऊ पडतो. म्हणून फुगलेला पापुद्रा कित्येक वर्षांनींही सोडवून पुन्हां बसवितां येतो. ही विद्या कोणाही चांगल्या सुताराला नवी नाहीं.

१९०७ सालीं मूळचे बेल्जमचे रसायनज्ञ लिओ बेकलंड यांनीं अमेरिकेंत बेकेलाइटचा शोध लाविला. जुन्या रेडिओच्या तपकिरी पेटीमुळें हा पदार्थ श्रोत्यांच्या परिचयाचा असेल. मोटारीच्या मुठी व बटणें त्याचीं होऊं लागलीं. मात्र बेकेलाइट उष्णतेनें एकदां घट्ट झालें कीं पुन्हां वितळत नाहीं. त्याला सरसही नीट धरीत नाहीं. त्याला घट्ट धरणारा एपॉक्सी जातीचा चिकटपदार्थ बाजारांत आला तो १९४० नंतर. रोग आधीं आणि औषध तीस-चाळीस वर्षांनीं!

स्टीअरिंगच्या चाकाची गोष्ट आणखी निराळी. आंत पोलादी कडें आणि वर कठीण रबराचें किंवा प्लॅस्टिकचें वेष्टण. वेष्टण वयाबरोबर आकसतें, पोलाद आकसत नाहीं. म्हणून तें उकलतें. येथें भेग नुसती बुजवून भागत नाहीं. ती कानशीनें प्रथम रुंद करावी लागते, मग एपॉक्सीची लुकण भरून, घासून, वर रंग. जखम बरी करण्यासाठीं आधीं वाढवावी लागते, हें पुष्कळांच्या पचनीं पडत नाहीं.

पुढें एबीएस नांवाचें प्लॅस्टिक आलें. उन्हानें तें ठिसूळ होतें. पण ॲसिटोनमध्यें विरघळतें. त्याच प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्यें भिजवून केलेली खळ तुटलेल्या कडांना लाविली म्हणजे दोन्ही भाग अक्षरशः एकजीव होतात. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र या खळीचा कांहींच परिणाम होत नाहीं. म्हणून मागल्या, न दिसणाऱ्या बाजूस एक थेंब टाकून पाहणें हाच शहाणपणा. क्षणांत चिकटणाऱ्या डिंकाचा मोह तर टाळावाच. त्याच्या वाफेनें भोंवतालीं पांढरा डाग पडतो.

या साऱ्याची गरज महाराष्ट्रांत आज अधिक भासते ती फियाट व पद्मिनी गाड्यांसाठीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीनें त्या कुर्ल्यास बांधल्या. सन २००० च्या सुमारास उत्पादन थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ज्या खासगी गाड्या उरल्या आहेत त्यांच्या मालकांना तुटकी मूठही फेंकून देणें परवडत नाहीं. ती आधीं सांधतात, घासून गुळगुळीत करतात, मग तिच्यावरून सिलिकोन रबराचा सांचा घेऊन त्यांत राळ ओततात. अशा रीतीनें एका नीट सांधलेल्या मुठीवरून दहा गाड्यांच्या मुठी निघतात. आणि मूळ मुठीवर ओरखडा राहिला असेल तर तो दहाही मुठींवर उतरतो.