साथीदार-संवाद

रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये नायकाबरोबर प्रवास करणाऱ्या पात्रांशी होणारे ऐच्छिक संभाषण. ते टाळले तरी खेळ शेवटापर्यंत नेता येतो. शत्रूचा पाडाव, नवा प्रदेश, शस्त्रे, पैसा यांपैकी बहुतेक गोष्टी त्याच्याविना मिळतात. साथीदार मुळात कोण, तो नायकाबरोबर का आला आणि नायकाविषयी त्याचे मत काय, हे मात्र बहुधा याच संभाषणातून कळते.

स्वरूप : याच्या तीन रीती ठळक आहेत. पहिलीत खेळाडू मुक्कामाच्या जागी, म्हणजे तळावर, जहाजावर किंवा सराईत, साथीदाराकडे आपणहून जातो आणि पडद्यावर दिलेल्या वाक्यांतून एकेक निवडत बोलतो. दुसरीत साथीदार चालता चालता आपसांत बोलतात आणि खेळाडू ते फक्त ऐकतो. तिसरी रीत जपानी ‘टेल्स’ मालिकेत रुळली. तेथे ठरावीक बटण दाबले की पात्रांचे चेहरे दाखवणारा छोटा प्रवेश उघडतो. न दाबल्यास तो निघून जातो.

लेखकाच्या दृष्टीने हे काम मुख्य कथानकापेक्षा किचकट असते. आधीचे संभाषण खेळाडूने ऐकले असेल किंवा नसेल, दुसरा साथीदार हजर असेल, सोडून गेला असेल किंवा मेलेला असेल. प्रत्येक शक्यतेत पुढचे वाक्य खरे ठरावे लागते. परिणामी लिहिलेल्या मजकुराचा मोठा भाग कोणत्याही एका खेळाडूच्या नजरेस पडत नाही.

विकास : ‘विझार्ड्री’ (१९८१) या आरंभीच्या खेळात सहा जणांची टोळी खेळाडूच तयार करी. त्यांना नाव, वर्ग आणि आकडे असत, वाणी नसे. बायोवेअर कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये (१९९८) बरोबर घेता येतील अशी २५ पात्रे होती, पण त्यांचे बोलणे त्रोटक होते. दुसऱ्या भागात (२०००) साथीदार ठरावीक काळाने स्वतःहून नायकाला थांबवून बोलू लागली. प्रेमसंबंधांचे धागेही आले; पुरुष नायकासाठी तीन आणि स्त्री नायिकेसाठी एकच, अशी त्यांची वाटणी होती.

डॅकनचे उदाहरण : या प्रकारातील सर्वांत विचारपूर्वक रचलेला नमुना ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९, ब्लॅक आयल स्टुडिओज, प्रमुख रचनाकार ख्रिस ॲव्हेलोन) या खेळात आढळतो. नायक अमर आहे. मेल्यावर तो पुन्हा उठतो, मात्र आधीच्या अवतारांची त्याची स्मृती पुसली गेली आहे. त्याच्याबरोबर डॅकन नावाचा वृद्ध योद्धा चालतो. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या जमातीचा हा माणूस मितभाषी आहे. त्याच्याजवळ त्या जमातीच्या धर्मपुरुषाची शिकवण कोरलेली दगडी चकती असते. खेळाडूने विनंती केली, तर डॅकन ती कडे-कड्याने उघडून वाचायला देतो आणि प्रत्येक पाठानंतर ‘यातून काय जाणलेस?’ असा प्रश्न करतो. उत्तरे पटली तरच पुढचे कडे उघडते. त्यासाठी नायकाची समज पुरेशी वाढलेली असावी लागते.

खोलवर गेल्यावर उलगडते, की ही चकती डॅकनला नायकाच्याच एका पूर्वावताराने दिली होती. श्रद्धा ढळलेल्या डॅकनला तिने आधार मिळाला आणि त्याने नायकाच्या मरणापर्यंत सेवेची शपथ घेतली. नायकाला मरण नाही हे त्याला ठाऊक नव्हते. त्या अवताराचा चकतीतील शिकवणीवर विश्वास होता असे दिसत नाही. त्याला हवी होती ती डॅकनची तलवार. मुक्त जमातीचा माणूस अशा रीतीने पुन्हा गुलाम झालेला असतो, आणि त्याचा मालक खेळाडूच असतो. हा सारा भाग न वाचता खेळ संपवता येतो. तसे करणाऱ्याच्या लेखी डॅकन म्हणजे मंत्र जाणणारा एक चांगला तलवारबाज. मुक्त आणि बांधील यांतील फरकावर उभे राहिलेले हे प्रकरण सक्तीचे केले असते, तर त्याची धार बोथट झाली असती.

पारितोषिकाचा प्रश्न : ऐच्छिक संभाषणाला बक्षीस जोडावे की नाही, यावर एकमत नाही. डॅकनच्या पाठांतूनही मंत्र मिळतात, पण ते समजुतीच्या मागून येतात. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये (२००९) प्रत्येक साथीदाराची मर्जी उणे १०० ते अधिक १०० अशा पट्टीवर मोजली जाते, ती भेटवस्तूंनी वाढवता येते आणि वाढली की त्याचे युद्धगुण सुधारतात. अशा वेळी खेळाडू मनातले उत्तर न देता समोरच्याला रुचेल ते देऊ लागतो. संभाषणाची खुशामत होते. पुढच्या भागात (२०११) मैत्रीबरोबर स्पर्धेचीही पट्टी आणून मतभेदालाही मोल दिले गेले. ‘पर्सोना ३’मध्ये (२००६) एका सोबत्याला दिलेली दुपार दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे बोलण्याची किंमत दिवसांत मोजावी लागते. ‘मास इफेक्ट २’मध्ये (२०१०) साथीदाराचे वैयक्तिक काम केले नाही, तर अखेरच्या मोहिमेत त्याच्या किंवा इतरांच्या जिवावर बेतू शकते. याला ऐच्छिक म्हणणे काहीसे औपचारिकच ठरते. याच खेळात गॅरस हा साथीदार संभाषण संपल्यावर दर वेळी तोफांच्या जुळणीत गुंतल्याचे सांगून खेळाडूला वाटेला लावतो. चाहत्यांत त्याची थट्टा झाली. लिहिलेला मजकूर संपला की पात्र कसे पोकळ होते, हे त्यातून दिसते.

गैरसोयी : ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३, लारियन) साथीदारांची बरीचशी महत्त्वाची संभाषणे तळावरील रात्रीच्या मुक्कामाला बांधलेली आहेत. संकट टळेपर्यंत झोपू नये असे समजून सावधपणे खेळणाऱ्याच्या हातून ती निसटतात, अशी तक्रार झाली.

लोकनाट्याशी साम्य : संस्कृत नाटकातील विदूषक हा नायकाचा साथीदारच असतो. तमाशातही गौळणीतील पेंद्या आणि मावशी, बतावणीतील पात्रे, तसेच वगात राजाच्या आसपास वावरणारा सोंगाड्या यांचे बोलणे कथेला अपरिहार्य नसते. रंग भरला की ते लांबते, नाहीतर आटोपते घेतले जाते. प्रेक्षकांच्या आठवणीत मात्र पुष्कळदा तेच उरते. नंदुरबार जिल्ह्याच्या आदिवासी भागात सोंगाड्या पार्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्यांच्या रात्रीच्या खेळांतही अशा विनोदी संवादांना ऐसपैस जागा असते. भेद असा, की तेथे लांबीचा निर्णय समोर बसलेल्या समुदायाच्या प्रतिसादावर नट घेतो. गेममध्ये तो एकटा खेळाडू घेतो आणि उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात. हजरजबाबीपणाला तेथे वाव नाही.

भाषा : वर उल्लेखिलेल्या खेळांपैकी एकही मराठीत नाही. लढाई खुणांवरून आणि सवयीने जमते, पण साथीदार-संवादाला वाचनाचा सराव लागतो. त्यामुळे भिली, मावची, पावरी किंवा अहिराणी घरात बोलणाऱ्या आणि मराठी शाळेत शिकलेल्या नंदुरबारच्या खेळाडूला इंग्रजी मजकुराचा नेमका हाच भाग सर्वांत आधी सोडावा लागतो. इतरांसाठी जे ऐच्छिक, ते त्याच्यासाठी बंद.

भारतीय निर्मिती : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ (२०२०) हा साहसप्रधान खेळ रूढ अर्थाने रोल-प्लेइंग गेम नाही आणि त्यातील राजी धाकट्या भावाच्या शोधात एकटीच निघते. तिच्या वाटचालीवर दुर्गा आणि विष्णू बोलत राहतात. ते संभाषण खेळाडूच्या इच्छेवर अवलंबून नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. पायरोडॅक्टिलच्या ‘अनरेस्ट’मध्ये (२०१४) दुष्काळग्रस्त काल्पनिक नगरातील निरनिराळ्या माणसांच्या भूमिका घ्याव्या लागतात. त्यात संवादाला लढाईपेक्षा अधिक महत्त्व आहे. कायमचा साथीदार नाही.