टेबल कुणी केलं?

महिनाभर मी घरून काम करायला एक धड टेबल शोधतोय. पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये मावेल आणि दोन मॉनिटर पेलेल, एवढीच माफक अपेक्षा. शोधता शोधता नेटवर एक जुनं टेबल दिसलं. इटली, 1950चं दशक, वर सागवान, खाली काळे लोखंडी पाय, पायांना पितळेच्या टोप्या. किंमत युरोमध्ये. मनातल्या मनात गुणाकार केला आणि मुकाट्याने टॅब बंद केला :-)

पण हे कुठेतरी पाहिलंय, असं वाटत राहिलं. रात्री ट्यूब पेटली. चिखलीला आमच्या माडीवर असंच टेबल आहे! आजोबांच्या अडतीच्या दुकानातलं. सागवानी फळ्या, लोखंडी पट्टीचे बाहेर फाकलेले पाय, रिबिटा मारून जोडलेले. पितळेच्या टोप्या तेवढ्या नाहीत.

लगेच बाबांना फोन लावला. "काहून रे, त्या टेबलाले काय सोनं लागलं? भंगारवाल्याले सांगून ठेवलं म्या."

थांबवलं त्यांना. मग शनिवार-रविवार गेला तो इटलीतच.

1945 साली युद्ध संपलं तेव्हा इटली मोडून पडली होती. पण मिलानच्या उत्तरेला ब्रियांझा भागात सुतारकामाचे छोटे छोटे कारखाने पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. त्या कारागिरांजवळ आर्किटेक्ट मंडळी जाऊन बसली. त्यातला एक जिओ पाँती. 1928 पासून 'दोमुस' हे मासिक चालवणारा. 1957 मध्ये कासिना कंपनीने त्याची 'सुपरलेजेरा' खुर्ची काढली. वजन फक्त 1.7 किलो! 1954 पासून तिथे चांगल्या डिझाइनसाठी 'कोंपास्सो द'ओरो' नावाचं बक्षीसही सुरू झालं. म्हणजे टेबल-खुर्ची करणाऱ्याचं नाव पेपरात येऊ लागलं.

पण मला चटका लावून गेली ती बीबीपीआरची गोष्ट. 1932 साली मिलानमधल्या चार मित्रांनी ऑफिस थाटलं. बान्फी, बेल्जोयोझो, पेरेसुत्ती आणि रॉजर्स. चार आडनावांची चार अक्षरं, झालं कंपनीचं नाव. युद्धात बान्फी आणि बेल्जोयोझो पकडले गेले, नाझींच्या छळछावणीत गेले. बेल्जोयोझो परत आला. बान्फी एप्रिल 1945 मध्ये गुसेनच्या छावणीतच गेला, युद्ध संपायला काही दिवस उरले असताना. उरलेल्या तिघांनी नाव बदललं नाही. 1960 च्या आसपास त्यांनी ओलिवेत्तीसाठी लोखंडी ऑफिस टेबलांच्या मालिका केल्या. त्यांच्यावरही तो पहिला 'बी' आहे. माणूस जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

ओलिवेत्ती म्हणजे टाइपरायटरवाली कंपनी. टाइपरायटरही करायची, तो ठेवायचं टेबलही करायची. ओळखीचं वाटतंय ना? आपलं गोदरेज! 1897 मध्ये मुंबईत कुलपांपासून सुरुवात, 1923 मध्ये लोखंडी कपाटं, 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीत बारा लाखांहून जास्त मतपेट्या आणि 1955 मध्ये टाइपरायटर. ते हिरवट-राखाडी लोखंडी टेबल कुठल्याही तहसील कचेरीत बघा. कंपनीचं नाव पोराटोरांना ठाऊक. पण त्याचं ड्रॉइंग कुणी काढलं? आपण विचारलंच नाही. व्हेस्पा काढणारा कोरादिनो द'अस्कानियो हा विमानांचा इंजिनिअर होता, हे मला माहीत होतं. आमच्या दारातल्या चेतकची आजी म्हणजे तीच व्हेस्पा, म्हणून वाचलेलं. असो.

चंदीगडचं उदाहरण तर आणखी मजेशीर (खरं तर रडवणारं). तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरे आणि त्याच्या चमूने सागवानी टेबल-खुर्च्या केल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर रचल्या गेल्या, भंगाराच्या लिलावात मातीमोल विकल्या गेल्या. त्याच मग युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखांनी गेल्या. 2011 मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्यांच्या विक्रीवर बंदी आणली, तोवर बरंच निघून गेलेलं. आणि त्या लिलावांतही नाव जानरेचं. रंधा मारणाऱ्या हातांचं नाही.

एवढं वाचल्यावर बाबांना पुन्हा कामाला लावलं. आजोबांच्या जुन्या कीर्दी पेटीत आहेत. कापसाच्या गाठी, हमाली, तोलाई... आणि 1961 च्या कीर्दीत सापडलं! 'टेबलाबद्दल सुतारास' आणि खाली 'लोहारास'. तारीख आहे, रुपये आणि नवे पैसे आहेत. नाव नाही. कापूस विकायला आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचं नाव गावासकट लिहिणाऱ्या माझ्या आजोबांनी यांचं नाव लिहिलं नाही.

मला आधी राग आला. मग वाटलं, बलुत्याची सवय. नांगर-वखर करणाऱ्या सुताराला, फाळ पाजवणाऱ्या लोहाराला सुगीत धान्य मिळायचं. गावात सुतार म्हटलं की कोण ते सगळ्यांना माहीत, नाव कशाला लिहायचं? पण ते 'सगळे' आता उरले नाहीत, ही भानगड आहे.

बाबा म्हणाले, बाजारात एक ऐंशीच्या पुढचे काका आहेत, त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, त्यांना कदाचित आठवेल. बुधवारी गेले होते, काका मुलीकडे अकोल्याला. दिवाळीनंतर येणार.

टेबल मात्र पुण्याला आणायचंय. ट्रॅव्हल्सवाला टपावर टाकायचे किती घेतो, तेवढं बाबांना विचारायला सांगितलंय.