मानेवरील घाव आणि शस्त्रवैद्याचा हात



१५८२ सालच्या मार्च महिन्याची १८ तारीख. स्पेनच्या सत्तेविरुद्ध नेदरलंड्सचें बंड चालविणारा ऑरेंजचा राजपुत्र विल्यम हा अँटवर्प येथें भोजन आटोपून दालनाबाहेर पडत होता. इतक्यांत एका तरुणानें अर्ज देण्याच्या मिषानें जवळ येऊन त्याच्यावर पिस्तूल झाडलें. गोळी उजव्या कानाखालीं शिरून डाव्या जबड्याजवळून बाहेर पडली. पिस्तूल इतकें जवळ होतें कीं, त्याच्या ज्वाळेनें जखम भाजून निघाली आणि रक्त थांबलें. परंतु कांहीं दिवसांनीं खपली सुटली व शिरेंतून पुन्हा रक्त वाहूं लागलें. पट्टी आवळावी तर श्वास कोंडणार! तेव्हां बोतालो नांवाच्या इटालियन वैद्यानें एक साधा उपाय सांगितला. सेवकांनीं आळीपाळीनें, रात्रंदिवस, शिरेच्या तोंडावर अंगठा हलकेच पण घट्ट दाबून धरावयाचा. विल्यम वांचला. त्याची शुश्रूषा करून थकलेली पत्नी शार्लोत मात्र मे महिन्यांत मरण पावली.

संकट अगदीं जिवावर बेतलें म्हणजे तें ‘गळ्याशीं आलें’ असें आपण म्हणतों. शरीरशास्त्रही याहून निराळें सांगत नाहीं. अवघ्या वीतभर जागेंत श्वासनलिका, अन्ननलिका, मज्जारज्जु आणि मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या धमन्या दाटीनें वसल्या आहेत.

बोतालोनें दाबविली ती शीर होती. मोठी धमनीच तुटली तर काय करावें? १५५२ सालीं आंब्र्वाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें एका सैनिकाच्या मानेंतील तुटलेली धमनी व शीर दोन्ही दोऱ्यानें बांधल्या, असें वैद्यकाचे इतिहासकार सांगतात. सैनिक जगला, पण त्याची वाचा गेली आणि अर्धें अंग लुळें पडलें. रक्त थांबविलें, तें मेंदूचेंही थांबलें! याच्या उलट, १८०३ सालीं ‘टॉनंट’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील डेव्हिड फ्लेमिंग या शस्त्रवैद्यानें, गळा चिरून घेतलेल्या एका नोकराची धमनी बांधली आणि तो मनुष्य पूर्ण बरा झाला. एकाच उपायाचीं हीं दोन फळें कशीं? मेंदूच्या तळाशीं रक्तवाहिन्यांचें एक कडें असतें. टॉमस विलिस यानें १६६४ सालीं त्याचें वर्णन केलें. तें पुरतें जुळलेलें असेल, तर एका बाजूचें रक्त दुसऱ्या बाजूला पोहोंचतें. पण पुष्कळांच्या ठिकाणीं तें अपुरें असतें. तें कसें आहे, हें त्या काळच्या शस्त्रवैद्याला वरून कळण्यास मार्ग नव्हता.

कोरियाच्या युद्धापासून (१९५० ते ५३) फाटलेली धमनी बांधून टाकण्याऐवजीं शिवण्याची कला रुळली. मग प्रश्न उरला, मान उघडावयाची केव्हां? १९५६ सालीं डॅलस येथील फोगेलमन व स्ट्युअर्ट यांनीं शंभर रोग्यांचा हिशेब मांडला. ज्यांची मान तत्काळ उघडून पाहिली, त्यांत शेंकडा ६ दगावले. ज्यांच्या बाबतींत विलंब झाला किंवा शस्त्रक्रिया केलीच नाहीं, त्यांत शेंकडा ३५. या आंकड्यांनीं वाद मिटला. त्वचेखालचा पातळ स्नायु भेदला गेला कीं मान उघडावयाची, असा दंडकच पडला. दंडक सरधोपट होता खरा. पण चालढकलीपेक्षां तो बरा होता, असें मला वाटतें.

पुढें दिसून आलें कीं, उघडलेल्या मानांपैकीं निम्म्यांच्या आसपास आंत कांहींच बिघडलेलें नसे. १९६९ सालीं शिकागोच्या मॉन्सन प्रभृतींनीं मानेचे तीन विभाग पाडले. मधला हातीं येण्यास सोपा. गळपट्टीच्या हाडामागचा आणि कवटीच्या तळालगतचा हे दोन्ही अवघड. आतां ज्याचें रक्त थांबत नाहीं, ज्याच्या मानेंतली गांठ फुगत चालली आहे, किंवा ज्याच्या जखमेंतून हवेचे बुडबुडे येतात, त्याला थेट टेबलावर घेतात. इतरांच्या धमन्या सीटी यंत्रानें आधीं पाहून घेतात, आणि पुष्कळांच्या मानेला सुरी लावावी लागत नाहीं.

दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथें सुऱ्यांचे घाव नित्याचे. तेथील शस्त्रवैद्य अशा वाहत्या जखमेंत लघवीसाठीं वापरतात ती फोलीची रबरी नळी सरकवितात आणि तिच्या टोंकाचा फुगा पाण्यानें भरतात. फुगा आंतून दाबून धरतो, आणि रोग्याला शस्त्रक्रियागृहापर्यंत नेण्यास अवधि मिळतो. अँटवर्पला त्याच कामासाठीं सेवकांच्या पाळ्या लावाव्या लागल्या होत्या.