चेतकची ठिणगी आणि गॅरेजमधली तालीम

आमच्या घरी एक पत्र्याचा डबा होता. त्यात एक प्लगपाना, दोन स्क्रू-ड्रायव्हर, काचकागदाचा तुकडा, जुना दात घासायचा ब्रश आणि सिगारेटच्या पाकिटाचा कापलेला पुठ्ठा एवढंच सामान असे. अब्बा सिगारेट ओढत नसत. तो पुठ्ठा कशासाठी आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पावसाळ्यातल्या एका सकाळी दहा-बारा किका मारूनही स्कूटर चालू होईना. अब्बांनी डबा मागवला, उजव्या बाजूचं पॅनल काढलं आणि पाऊण तासात गाडी सुरू केली. त्या दिवशी गॅरेजचा खर्च वाचला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती रक्कम लहान नसते.

त्या डब्यामागे एक मोठा इतिहास आहे. बजाज समूहाने १९४८ पासून परदेशी बनावटीच्या दुचाकी आणि तीनचाकी आणून विकायला सुरुवात केली. १९५९मध्ये त्यांना उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार होऊन पुण्याजवळ आकुर्डीत व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागल्या. १९७१मध्ये तो करार संपला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. पण किती गाड्या बनवायच्या, हेही सरकारी परवान्यावर ठरत होतं. मागणी अफाट आणि उत्पादन मोजकं. त्यामुळे नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून आखातात कमावता मुलगा असलेल्या घरांना तेवढी सवलत होती. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं किंवा जुनी गाडी जास्त पैसे देऊन घ्यायची.

अशी मिळालेली गाडी कुणी चार-पाच वर्षांत मोडीत काढत नसे. ती वीस वर्षं चालवायची, मुलाला द्यायची, मग जावयाला. त्यासाठी ती दुरुस्त करता येणं गरजेचं होतं. त्या काळातल्या गाड्यांची रचनाच अशी होती की त्यांचा बिघाड डोळ्यांना दिसत असे.

ठिणगीचं गणित सोपं होतं. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसवलेले असत. ते कॉइलभोवती फिरले की वीज तयार होई. आत दोन छोटे पॉइंट असत, ज्यांना आपल्याकडे सगळे ‘प्लॅटिनम’ म्हणत. हे पॉइंट उघडले की विजेचा प्रवाह एकदम तुटतो, त्या झटक्याने दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या टोकावर ठिणगी उडते. पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत, म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असे. ही कल्पना बजाजची नव्हती, व्हेस्पाचीही नव्हती. जर्मनीत बॉश कंपनीने १९०२मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा प्लग आणला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी पद्धत तयार केली आणि ती १९१०च्या कॅडिलॅक मोटारींत बसवली गेली. पॉइंट उघडायचे, प्रवाह तोडायचा, ठिणगी पाडायची, ही मूळ रीत पुढे अनेक दशकं टिकली. १९५१मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या मायको कंपनीने बॉशचे प्लग भारतात बनवले. ‘मायको’ हे नाव गावोगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत पोहोचलं.

गाडी चालू होत नसेल तर अब्बांचा क्रम ठरलेला होता. आधी प्लग काढायचा. तो काळा आणि ओला असेल तर तेल जास्त झालंय किंवा ठिणगी कमजोर आहे. तपकिरी, कोरडा असेल तर प्लग ठीक. ब्रशने काजळी काढून, पेट्रोलने पुसून तो पूर्ण वाळू द्यायचा. मग कॅपमध्ये बसवून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि किक मारायची. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरायचा आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते आधी बघायचं. निळी, ‘टक’ आवाज करणारी ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. पिवळट किंवा मरगळलेली दिसली तर दोष विजेच्या बाजूला. ठिणगीच नसेल तर आधी प्लगची कॅप आणि वायर बघायची. पावसात निम्मी दुखणी तिथेच सापडत. कोरड्या फडक्याने पुसलं की काम झालं.

तरीही नाही झालं तर प्लॅटिनम. फ्लायव्हीलच्या खिडकीतून ते दिसत. काळे पडलेले पॉइंट काचकागदाने हलकेच घासायचे, मग पुसायचे. त्यांच्यातलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर लागतं. मोजायची पट्टी आमच्याकडे नव्हती. सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा साधारण तेवढ्याच जाडीचा असतो. तो पॉइंटमध्ये घालायचा आणि जरा अडकत बाहेर आला की स्क्रू आवळायचा. अंतर जास्त ठेवलं तर ठिणगी वेळेआधी पडते आणि किक उलटी बसते. कमी ठेवलं तर पॉइंट लवकर जळतात. घासूनही ते पुन्हा पुन्हा काळे पडत असतील तर कंडेन्सर गेला. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. सुदैवाने तो स्वस्त होता.

हे सगळं अब्बांना कुणी शिकवलं? पुस्तकाने नाही. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. तिथल्या उस्तादांशेजारी बसून त्यांनी ते पाहिलं होतं. उस्ताद एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत, “पैले चिनगारी देखो, बाद में पेट्रोल.” पोटावर पाय येईल म्हणून त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. “ये तुम घर पे कर लो,” असं ते स्वतःच म्हणत.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात जा, अशी गॅरेजं मुस्लिम वस्त्यांच्या कडेला हमखास दिसतात. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानेही नोंदवलंय की मुसलमान पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि ज्या धंद्यांत त्यांची उपस्थिती ठळक आहे त्यांत वाहनदुरुस्ती आहे. याची कारणं अभिमानाची नाहीत. शाळा मधेच सुटली, नोकरीत शिरकाव नाही, भांडवल नाही. अशा वेळी दहा-बारा वर्षांचं पोर उस्तादांकडे ठेवलं जाई. पाने उचलून देता देता ते शिके. या तालमीत मारही होता आणि हरवलेलं बालपणही होतं. ते झाकून हुनराचे गोडवे गाणं बरोबर नाही. पण देशाच्या लाखो स्कूटर ज्यांच्या हातांनी चालत्या ठेवल्या, त्यांचं नाव मोटार उद्योगाच्या इतिहासात येत नाही, हेही तितकंच खरं.

पुढे प्लॅटिनम गेलं. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, ज्याला गॅरेजमध्ये सीडीआय म्हणतात. त्यात घासायला, झिजायला काही नाही. ठिणगी जोरदार, पावसातही भरवशाची. १९९६ आणि २०००च्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक गाड्यांना हळूहळू बाहेर काढलं. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण सीडीआयचा डबा बंद असतो. तो बिघडला की उघडत नाहीत, नवा आणतात. दोष शोधण्याचं ज्ञान डोळ्यांकडून आणि कानांकडून निघून मशीनकडे गेलं. ते मशीन विकत घ्यायला पैसे लागतात आणि ते चालवायला कागदावरचं शिक्षण लागतं. उस्तादांच्या शागिर्दांकडे नेमकं तेच नव्हतं.

२०२०मध्ये चेतक पुन्हा बाजारात आली, विजेवर चालणारी. तिला प्लगच नाही. आमच्या मोहल्ल्यातलं ते गॅरेज आता उस्तादांचा मुलगा चालवतो. पंक्चर, ऑइल, ब्रेक एवढंच काम येतं, असं तो म्हणाला. त्याच्या मुलीने मात्र आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला प्रवेश घेतलाय. आजोबांनी गाडीतली वीज ठिणगीच्या रंगावरून ओळखली, नात ती मीटरवर मोजायला शिकेल. फरक एवढाच की तिच्या हातात प्रमाणपत्र असेल.

अब्बांचा डबा मी तिला दाखवायला नेला होता. तिने पुठ्ठा उचलला आणि विचारलं, “चाचा, हे कशाला?” मी सांगितलं. तिने तो बोटांत धरून जाडी पाहिली आणि म्हणाली, “बरोबर मोजलंय.”