समर्थ रामदासांचा प्रचीतिविचार आणि इतिहासातील प्रमाण

प्रस्तावना

यथार्थ ज्ञान कशास म्हणावे आणि त्याची यथार्थता कशी ओळखावी, हा भारतीय तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न होय. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली. मराठीत या प्रश्नाची लोकाभिमुख मांडणी ज्यांनी केली, त्यांत समर्थ रामदासांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म शके १५३० (इ.स. १६०८) मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी झाला. दासबोधातील प्रचीतिविचार आणि समर्थचरित्राविषयीचा विसाव्या शतकातील वाद यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दासबोधातील प्रचीती

दासबोधाच्या वीस दशकांपैकी दोन ठिकाणे येथे विशेष विचारात घ्यावी लागतात. पाचव्या दशकाच्या पाचव्या समासात समर्थ अनेक व्यावहारिक विद्यांची यादी देतात. रत्ने, नाणी, शस्त्रे, बीजे व रोग यांची परीक्षा ही त्यांच्या मते ‘ज्ञान’ नव्हे. आत्मज्ञान तेच शुद्ध ज्ञान, असे पुढील समासात प्रतिपादन आहे. दहाव्या दशकाच्या आठव्या समासात मात्र प्रचीतीचे लक्षण सांगताना हेच व्यवहार दृष्टांत म्हणून येतात. नाणे पारखून घ्यावे, शस्त्र तपासून घ्यावे, बियाणे उगवेल याची खात्री करावी, रोग्यांना गुण आल्याचे पाहूनच औषध घ्यावे. त्याचप्रमाणे निरूपणही अनुभवाची खात्री पटल्यावाचून स्वीकारू नये.

वरवर पाहता ही विसंगती वाटते. वस्तुतः पहिल्या ठिकाणी ज्ञानाचा विषय ठरविला आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ज्ञानाची पद्धती. सराफ, शेतकरी व वैद्य यांचे ज्ञान अंतिम नसले, तरी त्यांची पारख करण्याची रीत समर्थांनी अध्यात्मासही लागू केली. शब्दप्रमाण त्यांनी नाकारले नाही. ग्रंथारंभी आधारग्रंथांचा निर्देश करून त्यांनी मुख्य भर आत्मप्रचीतीवर दिला.

चरित्रातील प्रमाणांचा प्रश्न

समर्थांच्या चरित्राच्या बाबतीत ही कसोटी फार उशिरा लावली गेली. बहुप्रचलित हनुमंतस्वामीकृत बखर त्यांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, मठोमठी फिरून कागदपत्रे जमविली आणि डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या हस्तलिखितावरून १९०५ मध्ये दासबोध प्रसिद्ध केला. या संकलनामुळे परंपरेची तपासणी शक्य झाली.

शिवाजी महाराज व समर्थ यांची पहिली भेट शके १५७१ (इ.स. १६४९) मध्ये झाली, असे परंपरा सांगते. देव व वि. का. राजवाडे यांनी या मताचा पुरस्कार केला. गो. का. चांदोरकर व गो. चि. भाटे यांनी मात्र रामदासी पत्रव्यवहाराच्या आधारे ही भेट शके १५९४ (इ.स. १६७२) मध्ये झाल्याचे प्रतिपादन केले. शके १५८० च्या भास्कर गोसावी यांच्या पत्रात रामदास कोण, अशी विचारणा महाराजांनी केल्याचा उल्लेख आहे. भेट आधीच झाली असती, तर ही विचारणा संभवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लक्षणीय बाब ही, की परंपरेविरुद्धचा पुरावा परंपरेनेच जतन केलेल्या कागदांतून पुढे आला.

समारोप

आत्मप्रचीती आणि ऐतिहासिक प्रमाण एकरूप नाहीत. पहिली साधकाची स्वतःची असते. दुसरे कोणाही अभ्यासकास पडताळता आले पाहिजे. भक्ताचा अनुभव कितीही उत्कट असला, तरी त्यावरून भेटीचे वर्ष ठरत नाही. आणि वर्ष बदलल्याने दासबोधाचे मूल्यही घटत नाही. समर्थांना आधुनिक अनुभववादी ठरविणे अनैतिहासिक होईल. तथापि पारखल्याविना काही स्वीकारू नये, हा त्यांचा आग्रह इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम समर्थांच्याच चरित्रास लावावा, हे त्यांच्या विचाराशी सुसंगतच ठरते.